चौथी ओळ

अन्नपूर्णा मंदिरामागच्या त्या नर्सिंग होममध्ये मी पित्ताशय काढायला दाखल झाले, तेव्हा माझी तक्रार एकच होती, चहा फिका होता. मी धम्मदीना, महूची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. डॉक्टर भूषणांनी कागदावर पोट काढून दाखवलं. "चार छोटी भोकं, मॅडम. बस. काही विचारायचं राहिलं का?" असं त्यांनी तीनदा विचारलं. इतकं ऐकून घेणारा माणूस मला घरातही भेटला नव्हता.

शेजारच्या खाटेवर देपालपूरच्या मंजिरीताई होत्या, हर्नियासाठी आलेल्या. संध्याकाळभर पाय चोळत त्या गुणगुणत होत्या,

चुलीपाशी मांजर, पाळण्यात सोनं,
हळू वाहा वाऱ्या, निजलं गं तान्हं.

"आईचं आहे माझ्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब आकडे मोजायला नाही लावत हो. बेहोश करताना आईचं गाणं म्हणायला लावतात. म्हणून याद करून ठेवतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन झालं. दुपारी डॉक्टर आले, त्यांची उशी सारखी केली, नाडी धरली आणि धरल्याधरल्या गुणगुणू लागले. हळू वाहा वाऱ्या.

"किती गोड आहे," मंजिरीताई हसल्या. "कुणाचं हो, डॉक्टरसाहेब?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

डॉक्टर गेल्यावर विचारलं, "तुमच्या आईचं ना ते?"

"काय पण, धम्मदीनाजी. माझी आई कुठं गायची? पण दर्द बघा, बिलकुल नाही. देवमाणूस आहे."

माझ्या आईची, मंजुळेची, एकच ओवी माझ्यापाशी होती. जात्यावर रचलेली, चार ओळींची. चौथ्या ओळीत माझं नाव आहे, तिनं ठेवलेलं, कुठल्याच कागदावर नसलेलं. ती गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही.

घरी परत जावं, असं मनात आलं. पण पोटातले खडे माझे आणि ओवीही माझी. ओवी वाचवायला खडे का सोसू?

ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. ऊबदार हात. "म्हणा, मॅडम."

गप्प राहायचं ठरवलं होतं. त्या उबेनं गळा आपोआप उघडला. एक ओळ गेली. दुसरी. तिसरी. तिसरीच्या शेवटी मी जीभ दातांखाली धरली.

"आणि पुढं?"

मी नाही म्हणून मान हलवली. वरचे दिवे विरघळत गेले.

जाग आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. मनात पहिल्या तीन ओळी शोधल्या. नव्हत्या. अजूनही नाहीत.

चौथी होती.

आठ दिवसांनी टाके काढले. तीन भोकं भरली होती. बेंबीजवळचं चौथं उघडं होतं. कोरडं, स्वच्छ, न दुखणारं.

"असं व्हायला नको," डॉक्टर मायेनं म्हणाले. "काही सांगायचं राहिलंय का, मॅडम?"

"राहू द्या."

"मग हे भरणार नाही."

"नको भरू दे, भिया."

आमच्याकडं रस्त्यावरच्या कुणालाही भाऊ म्हणून भिया म्हणतात, पण त्यांना भिया म्हणणारी मी पहिलीच असेन. ते हसले नाहीत.

याला तीन महिने झाले. दुपारी जेवून आडवी होते, तेव्हा पट्टीखालून बारीक गुणगुण येते. आवाज डॉक्टरांचा. चौथी ओळ चाचपडतोय. रोज एखादा शब्द लागतो.

काल सगळी ओळ बरोबर आली. फक्त नाव चुकलं.

मी दुरुस्त करून दिलं नाही.