शालूबाईंची उचकी

मलकापूरजवळच्या एका गावात, चौऱ्याहत्तर साली, शालूबाईंना उचकी लागली ती काही केल्या थांबेना. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेजारची धोंडुबाई म्हणाली, "कोन तरी आठवन काडतंय गं. नावं घे." शालूबाईंनी आटपाडीची बहीण घेतली, साताऱ्याची लेक घेतली, लेकीची सासूसुद्धा घेतली. उचकी आपली जागच्या जागी.

त्यांचे धाकटे दीर लालासाहेब कराडला एका दवाखान्यात कंपाउंडर. देव असो, भूत असो, त्यांचं औषध एकच, शास्त्र! "वहिनी, छातीखाली एक पडदा असतोय. तो फडफडला की उचकी. आठवण-बिठवण काय नसतंय." त्यांनी साखर दिली, गोळी दिली, मागून येऊन "साप!" म्हणून ओरडले. धोंडुबाईच पायरीवरून घसरली.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचं हसू मावळलं. वहिनींच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना, डोळे पार खोल गेले. बाई हातची जातीय की काय, या धास्तीनं लालासाहेबांचं जेवण सुटलं.

नेमका त्याच दुपारी समारंभ. शालूबाईंचे मालक, हवालदार आकाराम, तीस वर्षांमागं इटलीच्या लढाईत पडले. पदक घरी आलं, माणूस तिथंच पुरला. आता गावानं शाळेपुढं त्यांच्या नावाचा दगड उभा केला होता. त्यावर लाल पडदा.

"दगड कवा आला?" मांडवात शेजारी बसलेल्या धोंडुबाईनं विचारलं. "तीन दिस झालं न्हवं? मालकाचं नाव घेतलंस का गं?"

"अगं बाई! उचक्! नवऱ्याचं नाव कसं घिऊ?"

"मेलेल्या माणसाला कसली आलीय आठवण?" लालासाहेब खेकसले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "आकाराम." काही फरक पडला नाही. "वहिनी, तुमीच घ्या. तेवढंच राहिलंय."

"नुसतं न्हाई घेता येत, भावोजी. उखाण्यात घ्यावं लागतंय. आन् माझं कपाळ हे असं."

सभापतींचं भाषण सुरू झालं. दर वाक्यामागं उचकी. पोरं फिदीफिदी हसायला लागली. शेवटी शालूबाई कावल्या, डोक्यावर पदर घेऊन उभ्याच राहिल्या.

"इटलीच्या मातीवर बर्फाची चादर,
आकारामरावांचं नाव घेते, तुमा समद्यांचा राखून आदर."

उचकी थांबली. लालासाहेबांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

उचक्.

सगळ्यांनी शालूबाईंकडं पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

उचक्.

दगडावरचा लाल पडदा आतून फडफडला. वारा नव्हता.

शालूबाई चक्क लाजल्या. "आता मी आठवन काडली न्हवं," त्या पुटपुटल्या. "भावोजी, त्यास्नी जरा पानी द्या."

लालासाहेबांनी तांब्या उचलला. पडद्याखालून हात आत घातला.

तांब्याला ओढ बसली तशी त्यांची बोटं सुटली.

तांब्या खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.