संपतच्या कॅसेटमधला दुसरा आवाज

खाली लिहितोय ती घटना शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

गाण्यांचे शब्द सोडून. ते माझे होते, आणि त्याबद्दल मी संबंधितांची माफी मागितलेली आहे.

तारीख १९ मे १९९६. रविवार. ठिकाण जालना, मोंढ्याच्या मागं सरकीचं एक रिकामं गोदाम. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

अशा गोष्टी रात्री घडतात, हे मलाही माहीत आहे. पण त्या उन्हाळ्यात त्या भागात लाईट टिकायची ती दुपारी एक ते चार. रेकॉर्डिंग तेव्हाच व्हायचं. जे काही आलं, तेही मग तेव्हाच आलं.

आधी माणसं सांगतो.

संपत माझा मावसभाऊ. मूळ हसनाबादचा. वय एकोणतीस, केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार. औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर सहा वर्षं रॉक बँडमध्ये गायला. मग एक दिवस बँडनं दुसरा गायक आणला आणि संपतला मागं कोरसमध्ये उभं केलं. संपत तिथूनच बसस्टँडवर आला. पुढं अंबडच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत नळ्या धुवायला लागला.

वर्षभर धुतल्या. मग राजीनामा देऊन माझ्या दारात उभा. म्हणाला, सोलो अल्बम काढतो. नाव 'एकटा'.

"दादा, एकदाच. एकदा नुसता माझा आवाज लोकांच्या कानात जाऊ दे. मंग आयुष्यभर नळ्या धुतो."

तो रडत नव्हता. रडला असता तर मी नाही म्हणू शकलो असतो.

मी आठ गाणी लिहिली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आपण जे बोलतो त्यावर आपला विश्वास असावा, अशी मला सवय नाही. त्यामुळं गाणी पटापट झाली.

रेकॉर्डिंग करणार होता अप्पाराव. त्याचं कॅसेटचं दुकान. एप्रिलमधल्या जयंतीच्या भीमगीतांवर त्याचं वर्ष निघायचं, उरलेले अकरा महिने तो हौस करायचा. गोदामात त्यानं मांडववाल्याच्या गाद्या भिंतींना लावल्या होत्या. मशीन चांगलं होतं. तोही कामाला पक्का होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळ्यांनी त्यालाच नावं ठेवली.

आता एकच गोष्ट सांगायची राहिली. तीच महत्त्वाची.

संपतचे वडील, रामराव काका, हसनाबादच्या भजनी मंडळात पुढं गायचे. त्यांच्या मागं कारभारी नाना झील धरायचे. म्हणजे रामराव एक ओळ म्हणून थांबणार, नाना तीच ओळ मागून उचलणार, तेवढ्यात रामराव श्वास घेणार. असं चाळीस वर्षं. नाना आदल्या दिवाळीत गेले. त्यानंतर रामराव एकदाच गायला बसले. पहिली ओळ म्हटली, थांबले... आणि थांबलेच. मागून कोणी आलंच नाही.

गाणं बंद झालं. त्यांनी संपतला म्हटलं, तू उभा राहा मागं.

संपत म्हणाला, मी कोणाच्याच मागं उभा राहणार न्हाई.

पण पोरगं वाढलं होतं त्या मंडळातच. रॉक गातानाही तो प्रत्येक ओळीनंतर थांबायचा. बरोबर एका ओळीएवढा. त्याला स्वतःला ते कळायचं नाही. बँडवाले यावरूनच चिडायचे. आम्हाला वाटलं, ही त्याची स्टाईल आहे.

तर, दोन वाजून दहा मिनिटं.

पहिलं गाणं झालं. अप्पारावनं टेप मागं घेतली, लावली. गिटार. मग संपतचा आवाज... चांगला होता. खरंच चांगला होता.

पहिली ओळ. शांतता.

दुसरी ओळ. शांतता.

तिसरी ओळ...

आणि कोणीतरी खाकरलं.

मग तीच ओळ पुन्हा आली. खालच्या पट्टीत. म्हातारा, थोडा नाकातला आवाज. शेवटचं अक्षर जरा ओढून.

अप्पारावनं टेप थांबवली. माझ्याकडं पाहिलं. मी संपतकडं पाहिलं. संपत गादीकडं बघत होता.

मी म्हटलं, गोदाम आहे, आवाज घुमला असेल. अप्पाराव म्हणाला, "सर, घुमलेला आवाज आधी खाकरत न्हाई."

जुनी टेप असेल, म्हटलं. त्यानं फोडलेलं पाकीट दाखवलं. नवी होती.

पुन्हा लावली. या वेळी त्यानं मशीनवर बोट ठेवलं. संपत गायचा तेव्हा आवाजाचा काटा उडायचा. दुसरा आवाज यायचा तेव्हा...

काटा पडून राहायचा. आवाज खोलीभर, आणि काटा शून्यावर.

"नाना हायेत," संपत म्हणाला.

आम्ही पळालो नाही. लाईट जायला तास राहिला होता आणि सात गाणी बाकी होती. आपल्याकडं भीतीलाही वेळ काढावा लागतो. आठही गाणी रेकॉर्ड केली. आठही गाण्यांत नाना होते.

पुढच्या आठवड्यात अप्पारावनं आम्हाला न विचारता ती टेप दुकानाबाहेरच्या स्पीकरवर लावली. लोक काय म्हणतात ते बघू, म्हणून. लोक थांबले. केदारखेड्याचा एक माणूस बस सोडून उभा राहिला. पूर्ण बाजू ऐकली आणि काउंटरवर येऊन विचारलं, "पुढचा वरडून राह्यला तो राहू द्या. मागचा कोन आहे? त्याची येगळी कॅसेट न्हाई का?"

संपत काउंटरच्या आतच बसला होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. कॅसेटमध्ये भूत आहे, याचं संपतला काही वाटत नव्हतं. ते आपल्यापेक्षा बरं गातंय, याचं वाटत होतं.

आम्ही हसनाबादला गेलो. रामरावांना टेप ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपत समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होता. जेवायला वाढतील म्हणून बघावं तसं. दोन गाणी झाली. रामरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कारभारी सुरात हाय," ते म्हणाले.

अजून काही म्हणतील म्हणून संपत थांबला. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

तिथून नानांच्या घरी. नानांच्या बायको, चतुराबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी टेप ऐकली. घाबरल्या नाहीत. खोकला राहिला का, एवढंच विचारलं. शेवटी शेवटी फार होता म्हणे.

संपतनं हात जोडले. "काकू, त्यायला सांगा ना. मला एकट्याला गाऊ द्या म्हनावं."

"मी काय सांगू बाप्पा? जितं व्हते तवा ऐकलं न्हाई. मान्सानं बोलून थोडं थांबलं की ते मागून तेच म्हनायचे. घरात बी. चाळीस वर्सांत मला धड भांडता आलं न्हाई." त्यांनी एक शेंग फोडली. "तू जागाच देऊ नको. जागा दिसली की ते येनारच."

म्हणजे उपाय सापडला. थांबायचं नाही.

९ जून. पुन्हा रविवार, पुन्हा गोदाम. मी सगळ्या ओळी एकमेकींना जोडून आणल्या होत्या. कुठंही फट नाही. संपतनं आठ दिवस श्वास कोंडून सराव केला होता. त्याचे डोळे लाल होते, गालफडं बसली होती. जेवण सुटलं होतं. माझी बायको म्हणाली, त्याला दवाखान्यात न्या. मी म्हटलं, एवढी कॅसेट होऊ दे.

हे वाक्य मला अजून आठवतं.

एक वाजता सुरू केलं. पहिलं गाणं एका दमात. टेप मागं घेतली, ऐकली...

कोणी नव्हतं.

दुसरं. कोणी नव्हतं. तिसरं, चौथं, पाचवं. नुसता संपत. अप्पारावनं मला अंगठा दाखवला. संपत प्रत्येक गाण्यानंतर गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, आणि मशीन सुरू व्हायच्या आत पुन्हा उभा राहायचा. सातव्या गाण्याच्या शेवटी त्याच्या ओठांना निळी झाक आली होती. मी म्हटलं, आता पुरे. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

एकच गाणं राहिलं होतं. चारला सहा मिनिटं कमी.

आठवं गाणं अर्ध्यापर्यंत गेलं. मग एका ओळीच्या शेवटी संपतचा दम तुटला. फार नाही. तो थांबला, तोंड उघडं, श्वास आत येईना...

एका ओळीएवढी जागा झाली.

आणि कोणीतरी खाकरलं.

या वेळी टेपवर नव्हतं. खोलीत होतं. उरलेल्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या त्या कोपऱ्यात.

नाना ओळ उचलतील, असं मला वाटलं. त्यांनी उचलली नाही. ते पुढची म्हणाले.

"हाक गेली पुढं निघून, मी हितंच राह्यलो..."

ही ओळ माझ्या कागदावर नव्हती. मी लिहिलीच नव्हती. माझ्यापेक्षा बरी होती, हेही कबूल करतो.

आवाज थांबला. एका ओळीएवढी जागा सोडून.

मी संपतकडं पाहत होतो. नको, असं मी मनात म्हणत होतो. त्यानं गिटार खाली ठेवली. छाती भरून श्वास घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, नीट. मग खाकरला.

"हाक गेली पुढं निघून, मी हितंच राह्यलो..."

खालच्या पट्टीत. थोडं नाकात. शेवटचं अक्षर ओढून.

तेवढ्यात लाईट गेली. मशीन बंद पडलं. टेप जागच्या जागी थांबली, पंखा थांबला.

गाणं थांबलं नाही.

कोपऱ्यातून ओळ यायची. संपत ती मागून घ्यायचा. पुन्हा ओळ, पुन्हा संपत. दाराच्या फटीतून ऊन आत येत होतं. बाहेर हमाल चहा पीत होते, त्यांची थट्टामस्करी ऐकू येत होती. अप्पारावनं भिंतीला पाठ लावली होती आणि कानातले हेडफोन काढायचं त्याला सुचत नव्हतं. ते गाणं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. ते संपलं तेव्हा पहिला आवाज आधी बंद झाला. संपत वाट बघत उभा राहिला.

मी जवळ गेलो. त्याचा हात गार होता.

"संपत," मी म्हटलं, "पाणी पी."

तो माझ्या खांद्यामागं बघत होता.

"पाणी पी," तो म्हणाला.

कॅसेट दसऱ्याला निघाली. नाव 'एकटा', कव्हरवर गिटार घेतलेला संपत. सात गाण्यांत तो एकटाच आहे. त्याला जे हवं होतं, ते अगदी तसं झालं. आठवं गाणं आम्ही घेतलं नाही. अप्पारावनं एकदा लाईट गेली तिथपर्यंत ते वाजवून पाहिलं होतं. त्यात काय ऐकलं ते तो मला सांगत नाही. मी विचारतही नाही.

त्या सात गाण्यांबद्दल कोणी चांगलं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. दुकानात लोक यायचे आणि ती मागच्या म्हाताऱ्याची कॅसेट मागायचे. ही दाखवली की परत ठेवून द्यायचे. जिल्ह्याच्या एका पेपरात तीन ओळी छापून आल्या. त्यातल्या दोन कव्हरच्या छपाईबद्दल होत्या.

संपतला मी त्या वाचून दाखवल्या. त्यानं शेवटचे दोन शब्द माझ्यामागून म्हटले आणि कागद परत दिला.

रामराव पुन्हा गायला लागले. मागं संपत असतो. लोक म्हणतात, हुबेहूब कारभारी. चतुराबाई दर एकादशीला येऊन पुढं बसतात. एकदा मी त्यांना विचारलं, काकू, हा आवाज नक्की कोणाचा? त्या म्हणाल्या, खोकला तर त्यायचाच हाय.

तेव्हापासून मला वर्गात नोट्स सांगताना थांबता येत नाही. एका वाक्यातून दुसऱ्यात, दम लागेपर्यंत. पोरं तक्रार करतात. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

अप्पारावकडं दोनशे साठ कॅसेटी पडून राहिल्या. त्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटनं नेल्या, गाणी पुसून त्यांवर शॉर्टहँडचं डिक्टेशन टेप करायला. त्या वर्षी त्यांचा निकाल दरवर्षीसारखाच लागला. एकतीस टक्के.