बांध दाखवा, महाराज

नट माणूस पदरचं घालून सांगतो, असं लोक म्हणतात. खुशाल म्हणा. पण ह्या गोष्टीत माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

साल १९७९. चैत्र महिना. मुळशी धरणाच्या काठचं एक गाव. नाव सांगणार नाही, तिथं अजून माणसं नांदतात.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं.

आमची नाटक कंपनी पुण्याची. राज्य वाटून टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या राजाचं विलायती नाटक आम्ही मराठीत करायचो. चारशे वर्षांपूर्वीचं, जगभर गाजलेलं. राजा व्हायचे हैबतराव. मी, म्हणजे हा जयसिंग, त्यांचा प्रधान व्हायचो.

असलं नाटक गावच्या जत्रेत न्यायची अक्कल कुणाला सुचली, देव जाणे. जत्रेची रात्र तमाशाची. ती आम्हाला कोण देणार? आम्हाला मिळाली दुपार. धरणाचं पाणी हटून जो गाळ उघडा पडतो, त्यावर फळ्या टाकून स्टेज केलेलं. समोर गावकरी. त्यांच्या पाठीमागे नुसता भेगाळलेला गाळ...

आणि मग पाणी.

लोक पहिल्यापासून आमच्यावर खार खाऊन होते. आम्ही टेंपोतून उतरलो, तर कुणी साधं 'या' म्हटलं नाही.

पण हैबतरावांना टाळी घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यांची एक युक्ती होती. ज्या गावात प्रयोग, तिथली नावं भाषणात घुसडायची. गावच्या मारुतीचं नाव आलं की टाळी ठरलेली.

सकाळी चहा पिताना त्यांनी कुशाबा नावाच्या म्हाताऱ्याला गाठलं. जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा कुशाबा पोरगा होता.

"बाबा, तुमच्या बुडालेल्या शेतांची नावं काय हो?"

"कशाला इचारताय?"

"असंच. गोडी वाटते ऐकायला."

म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला. मग हळूच म्हणाला, "वडाची खाचरं. लांबटी. देवीचा माळ."

हैबतरावांनी मला डोळा मारला.

प्रयोग सुरू झाला. राज्य वाटायचा प्रवेश आला. हैबतराव सिंहासनावरून उठले. हात पाण्याकडे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"वडाची खाचरं, लांबटी, देवीचा माळ... सगळं आज मी देऊन टाकलं!"

टाळी आली नाही.

समोरची सगळी माणसं खाली बघायला लागली. बायकांनी पोरांना पदराखाली ओढलं.

आणि मागून आवाज आला...

"कुणाला इचारून दिलं?"

शेवटच्या रांगेच्याही मागून. जिथं नुसता गाळ होता.

हैबतरावांना वाटलं, कुणीतरी चेष्टेखोर आहे. ते खुलले. "राजानं कुणाला विचारायचं? माझा शब्द हीच सनद!"

गावकरी उठले. सगळे गावाकडे चालू लागले. एक जण जाता जाता स्टेजसमोर थुंकला. आमची बाकीची मंडळीही पडद्यामागून टेंपोकडे पळाली.

समोर कुणी उरलं नाही.

तरी आवाज आला. अगदी जवळून...

"दिलं ना? मग चला. बांध दाखवा, महाराज."

ज्याला जमीन द्यायची, त्याला बरोबर नेऊन बांध दाखवायचा, ही आपल्याकडची रीत. त्याशिवाय जमीन दिली असं कुणी मानत नाही.

हैबतराव स्टेजवरून उतरले. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. सरळ पाण्याकडे निघाले.

त्यांच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या गाळाच्या पापड्या मोडत होत्या.

करकर... करकर...

खूप माणसं चालत असावीत तशा. आणि माणूस तर एकच दिसत होता.

मी धावलो. गाठलं तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात होते. बोटानं दाखवत होते. "हा वड... इथवर खाचरं... पुढं लांबटी..." मधेच थांबून कुणाचं तरी ऐकत होते. मान डोलवत होते.

मी त्यांना मागून मिठी घातली. हलेनात. एवढा किडकिडीत माणूस, पण रोवलेल्या खांबासारखा घट्ट.

मग माझ्या पाठीवर हात पडला...

खरबरीत. जाड बोटांचा. मी वळलो. मागे कुणीच नव्हतं.

पण मी सोडलं नाही. हे मुद्दाम सांगतो. मी सोडलं नाही.

हैबतराव पाण्याकडे वाकून काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. आणि एकदम हलके झाले. आम्ही दोघे मागे कोसळलो.

काठावर कुशाबा उभा होता. त्यानं हात दिला नाही.

"नावं म्या ऐकायला दिली व्हती. वाटायला न्हाई." मग हैबतरावांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "सुटलात कसं? ती मानसं फुकट कुणाला सोडत न्हाईत."

हैबतराव ओल्या अंगानं टेंपोकडे चालू लागले.

त्यानंतर ते स्टेजवर उभे राहिले नाहीत. चार वर्षांनी अंथरुणाला खिळले, तेव्हा मला बोलावून घेतलं. भिंतीकडे तोंड करून बोलले.

"ते विचारत होते, तू म्हातारा झालास. उद्या गेलास तर बांध कोण दाखवणार? वारस कोण तुझा? मला ना मूल ना बाळ. जयसिंग... मी तुझं नाव सांगितलं."

जीव धोक्यात घालून मी ह्या माणसाला ओढत होतो. आणि हा त्याच वेळी माझं नाव देऊन मोकळा होत होता. मरणाऱ्या माणसावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. मला त्याचं अजून वाईट वाटत नाही.

शिमग्यात ते गेले.

चैत्रात एका दुपारी मी बाहेरून आलो. बायको म्हणाली, "गावाकडची माणसं आली होती. बसा म्हटलं, तर बसली नाहीत."

"कुठल्या गावची?"

"सांगितलं नाही. एकच बोलत होता. बाकीचे नुसते उभे."

"काय बोलला?"

"म्हणाला... नवं महाराज घरात हायेत का?"

तेव्हापासून धरण आटलं की दुपारी कडी वाजते. बायको दार किलकिलं करून सांगायची, घरात नाहीत. इतकी वर्षं तिनं मला असं वाचवलं. कधी तोंडावर बोलली नाही, पण तीही घाबरायची.

ती मागच्या दिवाळीत गेली.

यंदा पाणी लवकर हटलंय, असं पेपरात आलंय. आता घरात मी एकटाच आहे.