ओला हात

बसा. चित्र मागून दाखवतो, आधी ऐका. माझा हात चुकत नाही, हे अख्खं पनवेल सांगेल. पोटासाठी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, पण निसर्गचित्रात माझ्या तोडीचा माणूस इथे दुसरा नव्हता. फुशारकी म्हणायची तर म्हणा.

अठ्ठेचाळीस सालचा नोव्हेंबर. मुंबईच्या प्रदर्शनासाठी मी तैलचित्र केलं होतं. खडकावर फुटलेला मचवा, शिशाच्या रंगाचं आभाळ, काळं पाणी आणि किनाऱ्यावर उजवा हात उंचावून हाक मारणारी कोळीण. चेहरा आमच्याकडे मासळी घालणाऱ्या सोनाबाईचा घेतला होता. सगळ्या करड्या चित्रात तिच्या त्या हातातल्या बांगड्या तेवढ्या हिरव्यागार. तो हिरवा मी स्वतः घोटला होता, गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

सोमवारी दुपारी सोनाबाई पाटी घेऊन आली. ओल्या चित्राकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

“मास्तर, उजव्या हातात बांगड्या नाय घालत आमी. लग्नात त्या दर्याला देतो, म्हनून तो आमचा धनी राखतो. तुमी त्या मागारी आनल्या. पुसा.”

तिचा नवरा आनंदा त्या वेळी मचवा घेऊन समुद्रात होता. मी हसलो. म्हटलं, बाई, तेवढा हिरवा काढला तर चित्रात उरलं काय? ती पाटी उचलून निघून गेली.

संध्याकाळी वारा सुटला. कौलं उडाली, खाडीचं पाणी बंदरावर चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मचवे परतले, आनंदाचा नाही.

सोनाबाई माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. उजवा हात तेवढा पुढे धरला... मोकळा. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. प्रदर्शन गेलं खड्ड्यात! मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि बांगड्या पुसायला घेतल्या.

रंग सुटला. पण नाकात वास आला तो खाऱ्या चिखलाचा. आणि फडक्याखालचा कॅनव्हास गार होता... माणसाच्या भिजलेल्या कातडीसारखा. मी हात मागे घेतला.

“दर्याला पोचल्या,” सोनाबाई हळूच म्हणाली. ती जागची हलली नव्हती.

तासाभरात बंदरावरून निरोप आला. आनंदा खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडला होता, जिवंत. आम्ही दोघं धावत गेलो.

“एका बाईनं मनगट धरला न् वढीत आनला,” तो कसाबसा म्हणाला. “सोनाच व्हती...”

सोना तर सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. मी त्याचं मनगट पाहिलं. चार बोटं आणि अंगठा, हिरवे ठसे. वास टर्पेंटाइनचा. आपला रंग मी ओळखणार नाही?

चित्र प्रदर्शनाला गेलं नाही. बारा वर्षं झाली. आनंदा अजून समुद्रावर जातो, म्हणून ते जाळायची माझी हिंमत नाही.

उठा, कंदील जवळ घ्या. आभाळ केव्हाच सुकलंय. मचव्यावरचा रंग तर तडकलाय. आता त्या बाईच्या उजव्या हाताला बोट लावा...

ओला आहे ना? सकाळीच कोरडा पुसला होता मी.