कर्जदाराशी नाते

प्रेम माझ्या आयुष्यात आलं ते उणे सव्वादोनचा नंबर घेऊन आणि मोडक्या काडीचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधून. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. चार वर्षांचं शिक्षण, त्यासाठी काढलेलं डोंगराएवढं कर्ज आणि टेकडीएवढासुद्धा नसलेला पगार, ही माझी एकूण कमाई. त्याला खुर्चीत बसवलं आणि भिंगं बदलत नेहमीचा प्रश्न विचारला.

"पहिलं बरं दिसतं की दुसरं?"

"सारखंच."

"आता? पहिलं की दुसरं?"

"तुम्ही जरा बाजूला झालात तर सांगतो... तक्त्यावर लक्षच राहत नाहीये."

माझे कान तापले. मी कडक आवाजात शेवटची ओळ वाचायला सांगितली. ती काही त्याला वाचता येईना. पण उठताना म्हणतो कसा, "तुमच्या पाटीवर 'दृष्टी'ची टी ऱ्हस्व पडलीये. दीर्घ हवी."

"ओळ दिसत नाही, आणि पाटीवरची वेलांटी दिसली?"

"चुका मला डोळे मिटूनही दिसतात. त्याचेच पैसे मिळतात."

तो मुद्रितशोधक होता. छापायला जाण्याआधी मजकूर वाचायचा, चुकांवर खुणा करायचा. दुकानातल्या मुलींनी त्याच दिवशी त्याचं 'वेलांटीराव' असं बारसं केलं. पुढे वेलांटीरावांच्या चष्म्याचा स्क्रू आठवड्यातून दोनदा ढिला होऊ लागला. इतका आज्ञाधारक स्क्रू मी दुसरा पाहिला नाही.

'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि मग आमचं पहिलं भांडण झालं. दुकानामागच्या पायरीवर, चहा पिताना. मी खर्च भागवून उरलेली पै न पै कर्जात जादा भरत होते. जामीनदार माझे बाबा होते, आणि त्यांची सही असलेला तो कागद मला लवकरात लवकर परत हवा होता. तो म्युच्युअल फंडांची माहितीपत्रकं तपासायचा, त्यातली बारीक अक्षरं त्याला तोंडपाठ.

"निम्मे जादाचे कर्जात भर, निम्मे गुंतव," तो म्हणाला. "नाहीतर कर्ज फिटेल तेव्हा हातात काय असेल? बँकेचं एक पत्र."

"आणि तुझा बाजार पडला तर?"

"पडेल आणि उठेल. त्याला घाई नसते."

"मला असते! पहिलं की दुसरं, एकच काहीतरी सांग."

"तिसरं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "विकत घ्यायला दोन खोल्या बघतोय मी. घरमालकाने कधीचं जागा सोडायला सांगितलंय. एकीत आई राहील... एकीत आपण."

"आपण?"

"का? चूक आहे वाक्यात?"

चूक नव्हती. मी हरले, आणि हरताना वेड्यासारखी हसत होते. दुसऱ्या दिवसापासून निम्मे जादाचे फंडात जाऊ लागले. रविवारी मी घरी बाबांकडे जायचे, त्याऐवजी आता त्याच्याबरोबर खोल्या बघत हिंडू लागले. लोकांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून, ओटा कुठे, तुझी पुस्तकं कुठे... मी इतकी सुखी कधीच नव्हते.

दीड वर्षाने दुकानात डोळे तपासणारं यंत्र आलं. हनुवटी टेकवा, नंबर छापून बाहेर. मालकांनी मला काढलं नाही, फक्त अर्धा दिवस यायला सांगितलं. अर्ध्या पगारात हप्ता बसेना. फंडातून काढावं म्हटलं, तर बाजार नेमका तेव्हाच कोसळलेला.

"आत्ता काढलंस तर तोट्यात जाईल. थोडं थांब," तो म्हणाला.

मी थांबले. तीन हप्ते चुकवले. बँकेचा फोन नाही की पत्र नाही. बँकेला माझी दया आली असं मला वाटलं, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

मग एका दुपारी, फार दिवसांनी, घरी गेले. बाबा शिंपीकाम करतात. मशीनवर एक सदरा पडला होता, त्याची काजं भलतीकडेच गेली होती. बाबांनी माझ्यासाठी चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. मी त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुरता पिकलेला.

"बाबा, ऑपरेशनला पैसे बाजूला ठेवले होते ना तुम्ही?"

"होते की."

"मग?"

"बँकेतून फोन आला, तुझे हप्ते राहिलेत म्हणून. भरले मी." ते हसले. "अगं पोरी, हप्त्याची तारीख पळते. मोतीबिंदू कुठे पळून जातोय?"

मी अख्ख्या गावाचे डोळे तपासत होते. ज्यांनी सुईत दोरा ओवून ओवून मला शिकवलं, त्यांच्या डोळ्यांत दीड वर्षात एकदाही नीट पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच. तिथेच जमिनीवर बसून मी हुंदके गिळत रडले. बाबांना दिसलं नाही.

बँकेने मुदतवाढ द्यायची तयारी दाखवली, म्हणजे हप्ता निम्म्यावर येणार होता. पण बाबांचं वय झालेलं. नोकरी असलेला नवा जामीनदार हवा.

"मी राहतो," वेलांटीराव म्हणाला. जराही विचार न करता. त्या क्षणी तो मला जगातला सगळ्यात देखणा माणूस वाटला.

बँकेतल्या बाईंनी अर्ज पुढे केला. तो भराभर लिहीत गेला, सुवाच्य, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. मग पेन थांबलं. रकाना होता, 'कर्जदाराशी नाते'.

"काय लिहू?" त्याने हळूच विचारलं. "तू हो म्हणालीस तर... होणारा नवरा लिहितो."

किती दिवस वाट पाहिली होती मी या वाक्याची! तोंडात 'हो' आलंच होतं. तेवढ्यात बाई संगणकात बघत म्हणाल्या, "तुमचा घरकर्जाचा अर्ज आहे ना आमच्याकडे? इथे जामीन राहिलात तर तो मंजूर होणार नाही. कल्पना आहे ना?"

त्याने मान खाली घातली. त्याला कल्पना होती. मला नव्हती.

"आणि आईंच्या खोलीचं काय?" मी विचारलं.

"आईला सांगेन काहीतरी."

म्हणजे आणखी एक म्हातारं माणूस माझ्या कर्जापायी गप्प बसणार. मला बाबांचा तो कपाशेजारचा चहा दिसला.

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"अगं, पण—"

"मला नवरा हवा होता रे. जामीनदार नको."

"रकाना रिकामा ठेवून चालत नाही," बाई म्हणाल्या.

त्याने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग स्वतःच्या नावावर त्याने एक सरळ रेघ मारली आणि समासात 'काढून टाका'ची खूण केली, छापखान्याला पाठवताना करतात तशी.

फंड मी तोट्यातच मोडला. त्यात बाबांचं ऑपरेशन झालं, आणि पुढचे काही हप्ते निघतील एवढे उरले. बँकेच्या पायऱ्यांवर तो म्हणाला होता, "तुझं कर्ज फिटेपर्यंत मी थांबतो. सहा वर्षं तर सहा वर्षं."

"नको थांबूस. तेही माझ्यावर कर्जच होईल... आणि ते मला फिटायचं नाही."

तो गेला. मी हाक मारली असती तर वळला असता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मारली नाही.

तो गेल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत मी बाबांकडेच राहिले, आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून रडायचे. आवाज न करता, भाजी चिरता चिरता, जेवता जेवता. त्यांना कुठे दिसत होतं? पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी बाबा खिडकी बघत राहिले, भिंत बघत राहिले, हाताची बोटं उलटसुलट करून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचं हसू विरलं.

"पोरी... किती दिवस रडतेस गं तू?"

मी म्हटलं, "कांदा चिरत होते, बाबा."

आणि त्यांनी माझे दोन्ही रिकामे हात बघितले.