एकतीस मुक्या लाइनी

"माझी पोर ज्याच्यामुळे गेली, त्याचं नाव मला हवंय." चौकशीला आलेल्या बाईंना तंत्रज्ञ काकांनी धड बसूही दिलं नाही.

काका या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं होते. वर अर्जावर अर्ज करून ही चौकशी त्यांनीच लावून घेतली होती.

काकांचा जावई बाहेर बाकावर बसला होता. बाई आधी त्याच्याशी बोलून आल्या होत्या. सोमवारी सकाळी रस्त्याच्या खोदकामात त्याच्या एकट्याच्या घराकडे जाणारी केबल तुटली आणि फोन, इंटरनेट, सगळं गेलं. मोबाइलला तिकडे रेंज नाही. मग तक्रार का नाही केली? बायको म्हणाली होती, उगाच हेलपाटा कशाला, लाइन गेली की बाबांच्या यंत्रावर घंटा वाजतेच, ते बघतील. मंगळवारी दुपारी तिला दम्याचा झटका आला. घरात ती एकटी होती. सापडली तेव्हा रिसीव्हर हातातच होता.

घंटा मात्र वाजलीच नव्हती.

यंत्र ठणठणीत होतं. मग माशी शिंकली कुठे? बाईंनी स्क्रीनवर मुलीची लाइन उघडली. प्रत्येक लाइनला दोन प्रोफाइल, म्हणजे नियमांचे दोन तयार संच, जोडलेल्या असतात. एकीत वेगाचे नियम, दुसरीत घंटेचे. मुलीच्या लाइनला घंटेची चार नंबरची प्रोफाइल होती. तिच्यात 'लाइन तुटल्यास घंटा' यापुढे 'बंद' असं होतं. बदल त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी बारा दहाचा, एक्स्चेंजच्या साहेबांच्या लॉगिनवरून. त्या दिवसातला तेवढा एकच बदल.

काका साहेबांच्या अंगावरच धावून गेले. साहेबांची पार तंतरली. पण शुक्रवारी ते दिवसभर मुख्य कार्यालयात मीटिंगला होते, बाईंच्या शेजारच्याच खुर्चीत. त्यांचा पासवर्ड मात्र इथे सगळ्यांना तोंडपाठ होता. मग काकांनी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मुलीला धारेवर धरलं. हजेरीपट पाहिला, तर ती शुक्रवारी रजेवर.

आता राहिलं कोण? बाईंनी खुर्ची काकांजवळ ओढली.

"काका, शुक्रवारी तुम्ही यंत्राला हात लावला होता?"

"लावला होता की. पण सतरा नंबरच्या लाइनला. ते रिटायर हेडमास्तर दुपारी झोपताना मोडेम बंद करतात आणि इथे रोज घंटा कोकलते. कान किटले होते. तेवढी एक गप्प केली."

"कशी केली?"

"सतरा उघडली, घंटेचे नियम उघडले, खूण काढली, सेव्ह केलं. पोरीच्या लाइनकडे मी बघितलंसुद्धा नाही."

खोटं बोलावं, सगळं यंत्रावर ढकलून निघून जावं, असं बाईंना मनापासून वाटलं. काका वाट बघत होते.

"काका, नियम लाइनमध्ये नसतात. लाइनला फक्त प्रोफाइलचा नंबर चिकटवलेला असतो. सतराला कुठला आहे, बघा."

काकांनी चष्मा वर केला. चार.

"चार नंबर एकतीस लाइनींना आहे. एकटी सतरा गप्प करायची, तर नवी प्रोफाइल करून तिला जोडायला हवी होती. तुम्ही चार उघडून तीच बदललीत. एकतीसच्या एकतीस मुक्या झाल्या."

"त्यात तिची..."

"हो."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या की हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं, अहवालात तसं स्पष्ट लिहीन. काकांचं लक्ष नव्हतं. ते स्क्रीनवरच्या एकतीस ओळी बोट लावून एकेक वाचत होते. मुलीच्या ओळीवर बोट थांबलं.

"सोमवारपासून ती माझी वाट बघत होती," ते म्हणाले.

"अहवालात नाव..." बाई म्हणाल्या.

"लिहा. अर्ज माझाच आहे."

ते टेबलाला धरून उठले आणि दार उघडून बाहेर गेले. सासरे दिसताच जावई बाकावरून उठून उभा राहिला.

"बाबा, कळलं का कोण ते?"