डाव्या कानाची गिटार

धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी दादा पडला. लग्नाच्या फोटोंचा अल्बम अजून यायचा होता. सकाळी आरशासमोर दाढी करता करता दादाच्या अंगावरून वारं गेलं. आधी हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला, मग दादा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे जागच्या जागी राहिले.

दोघे भाऊ लिफ्टदुरुस्तीतले. दादाने लग्न केलं नाही, धाकट्याच्याच घरी मागच्या खोलीत राहिला. उमेदीच्या वयात एका गच्चीवरच्या मशीनघरात दोर आणि चाकाच्या मध्ये सापडून त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं होतं. कुणी हळहळलं की तो म्हणायचा, "अंगठी घालणार नव्हतोच. मशीनला माझ्याआधी कळलं."

मुलगी सासरी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. धाकट्याने जुन्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, खिडकीत रजई ठोकली, टेबलावर कॉम्प्युटर मांडला. त्याला मेटल संगीत वाजवायचा नाद होता. गिटारचा आवाज यंत्रातून असा चेपून काढायचा की तो तापल्या लोखंडासारखा खरखरतो. खाली ढोल कॉम्प्युटरच वाजवतो. गाणारा कुणी नाही. बायको दारातून विचारायची, "अहो, कपाट जिन्यावरून खाली नेताय का एकट्याने?" गाणारा का नाही, याचं उत्तर दादाने फार पूर्वी देऊन ठेवलं होतं: गाणारा ठेवला की लोक त्याचंच तोंड बघत बसतात.

हा नाद दोघांना एकदमच लागला होता. तेव्हा घरात एक टेपरेकॉर्डर आणि कानात घालायच्या दोन बोंडांची एकच वायर. दादा डावं बोंड घ्यायचा, धाकटा उजवं. वर्षभर एकच कॅसेट अशी ऐकून ऐकून दोघांनी ती बोटांवर बसवली. मग एके दिवशी समोरासमोर बसून वाजवायला घेतली आणि दोघांचं जुंपलं. तू चुकतोस, नाही तू चुकतोस, तास गेला. शेवटी चिडून दोघांनी एकदमच वाजवलं, आणि दोन्ही सूर कडीत कडी अडकावी तसे एकमेकांत बसले. त्या बँडमध्ये गिटारवाले दोन होते. एक डाव्या कानात वाजायचा, एक उजव्या. दोघा भावांना वर्षभर अर्धंच गाणं येत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच पूर्ण येतं.

ते तसंच राहिलं. धाकट्याला स्वतःची चाल सुचायची तीही उजव्या कानाची. डावी बाजू दादा भरायचा. तुटक्या बोटामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जायच्या एका ठरावीक बदलाला त्याला करंगळी ताणावी लागे. तो केसभर उशिरा पोचे आणि तारेवर बोट घासल्याचा 'चीं' असा आवाज येई. ती चूक दादाची सही होती.

आता पन्नाशी उलटल्यावर धाकट्याने सहा तुकडे रेकॉर्ड करायचे ठरवले होते. पाच तुकड्यांच्या उजव्या बाजू दादा पडायच्या आधीच झाल्या होत्या. सहावी चाल दोघांनी तरुणपणी जुळवलेली पहिलीच. ती शेवटाला ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते, फार आशा धरू नका, वर्षभर काढतील. धाकट्याला एवढंच हवं होतं, की दादाचे कान शाबूत आहेत तोवर त्याला सगळं पूर्ण होऊन ऐकवावं. पण डावी बाजू त्याला वाजवता येईना. वाजवली की एकाच माणसाच्या दोन सावल्या शेजारी उभ्या कराव्यात तसं व्हायचं.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी त्याने पहिला तुकडा उघडला. पडद्यावर दोन पट्ट्या: वरची उजवी, भरलेली, खालची डावी, रिकामी. त्याने डाव्या पट्टीवरचं रेकॉर्डिंगचं लाल टिंब दाबलं, तेवढ्यात बायकोने हाक मारली. दादाची चादर बदलायची होती. गिटार स्टँडला लावून तो तसाच गेला. कूस वळवली, अंग पुसलं, पाणी पाजलं. दहाएक मिनिटांनी परत आला तर डावी पट्टी भरलेली होती.

लिफ्टवाल्याला आधी वायर सुचते. त्याने वायर काढून पाहिली, लावून पाहिली, गिटारच्या यंत्रावरची बटणं तपासली. बायको त्याच्याच सोबत मागच्या खोलीत होती, बाहेरच्या दाराला आतून कडी होती. मग त्याने कानात बोंडं घालून ऐकलं.

डावीकडे दादा वाजवत होता. पंचवीस वर्षांचा असताना वाजवायचा तसा, मनगट सैल सोडून. बदलाच्या जागी केसभर उशीर झाला आणि तारेवर बोट घासलं.

त्याने बायकोला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, छान झालं की, पण भाऊजींचं जुनं कुठे सापडलं? त्याने बोंडं परत स्वतःच्या कानात घातली. जुनं असणं शक्य नव्हतं. ही चालच त्याला जानेवारीत दिवाणखान्यात बसून सुचली होती, आणि दादा पडेपर्यंत तिची डावी बाजू वाजवायची राहूनच गेली होती.

सोमवारी व्यायाम करून घेणारी बाई आली. दादाच्या उजव्या हाताची करंगळी हलली म्हणाली. घरात आनंद झाला, मुलीला फोन गेला. त्याच दिवशी कामावर धाकट्याच्या हातून पाना दोनदा सुटला. उजवी करंगळी बधिर झाली होती. रात्री हात अंगाखाली आला असेल, असं म्हणून त्याने ती चोळली.

पंधरा दिवसांनी त्याने दुसरा तुकडा उघडला. या वेळी लाल टिंब मुद्दाम दाबलं, मागच्या खोलीत जाऊन दादाजवळ बसला. दादाचे डोळे छतावर होते. खोलीत घड्याळाशिवाय कसलाच आवाज नव्हता. उठून गेला तर पट्टी भरलेली.

दोन दिवसांत दादाची चारही बोटं मिटू लागली. धाकट्याला शर्टाची बटणं लावता येईनात. डॉक्टरांनी त्याला मानेचा फोटो काढायला सांगितला. फोटोत काही निघालं नाही.

लिफ्टचा डबा वर जातो तेव्हा त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीआड, एक लोखंडी वजन खाली येत असतं. माणसांना ते दिसत नाही, म्हणून त्यांना वाटतं डबा एकटाच वर चाललाय. धाकट्याने तीस वर्षं ती वजनं तपासली होती. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी ऑगस्टमध्ये त्याने तिसरा तुकडा लावला.

दादाचा कोपर वाकला. धाकट्याचा हात गळ्यातल्या झोळीत आला. कामावरून त्याला घरी बसवलं. साहेब म्हणाले, बरे व्हा मग या. डोळे मात्र त्यांनी दुसरीकडे फिरवले. बायको रडली, चिडली. दोघा भावांनी पाळीपाळीने आजारी पडायचं ठरवलंय का, असं म्हणाली. तो म्हणाला, "एक उठतोय ना, मग झालं तर." तिला त्याच्या बोलण्यातलं काही खटकलं, पण काय ते कळलं नाही. ती त्याच्या खांद्याला तेल चोळत राहिली.

चौथ्या तुकड्यावेळी टिंबाकडे हात नेताना त्याला मागच्या खोलीतून आवाज आला. दादा डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर ठोकत होता. थांबून थांबून, तीनदा. धाकटा जाऊन उभा राहिला. दादा त्याच्याकडे टक लावून पाहत होता आणि मान इकडून तिकडे हलवत होता. मान त्याला आधी हलवता येत नव्हती.

"अरे, मान हलायला लागली की तुझी," धाकटा म्हणाला. उशी सारखी केली. मग परत जाऊन डाव्या हाताने टिंब दाबलं.

त्या आठवड्यात दादा भिंत धरून उभा राहिला. धाकट्याचा उजवा पाय फरशीवर ओढला जाऊ लागला. व्यायामाची बाई म्हणाली, असं सुधारणारं माणूस मी पाहिलं नाही. म्हणताना ती दादाकडे पाहत होती. मग तिची नजर खुर्चीतल्या धाकट्याकडे गेली आणि ती व्यायामाचे पट्टे गुंडाळू लागली.

पाचवा तुकडा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाला. टेबलापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला. टिंब दाबून तो तिथेच खुर्चीत बसून राहिला. मागच्या खोलीपर्यंत जायची ताकद नव्हती. म्हणून त्या दिवशी त्याने ते पहिल्यांदा पाहिलं.

गिटार स्टँडवर होती. तारा हलत नव्हत्या. आवाज कुठेही नव्हता.

डाव्या पट्टीत रेघ उमटत पुढे सरकत होती.

त्याने बोंडं कानात घातली नाहीत. बदलाची जागा आली तेव्हा त्याने डोळे मिटले. जीभ जड झाली, टाळूला चिकटली. रेघ थांबली.

दारात दादा उभा होता. हाताने चौकट धरून, स्वतःच्या पायांवर.

"छोट्या, थांब," दादा म्हणाला. आवाज गंजलेला होता, पण शब्द सुटे होते. "केव्हाचा नको म्हणतोय मी. तुला कळत होतं."

धाकट्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

त्यानंतर पलंग बदलले. मागच्या खोलीत धाकटा, दिवाणखान्यात दादा. धाकट्याने सहा महिने ज्याचं अंग पुसलं, तो आता धाकट्याचं अंग पुसू लागला. भरवायचा, कूस वळवायचा, आणि बोलत राहायचा. कुठल्या इमारतीची लिफ्ट कशी अडली होती, साहेब कसे दोन मजल्यांच्या मध्ये तासभर लोंबकळले होते. धाकट्याच्या डोळ्यांच्या कडेला हसू येई. पाचही तुकडे दादाने त्याला ऐकवले. त्यासाठी बोंडांची जुनी वायर शोधून काढली, डावं स्वतःच्या कानात घातलं, उजवं त्याच्या. ऐकून झाल्यावर दादा म्हणाला, "सहावा राहिलाय. तू ऊठ, मग करू."

डॉक्टर या वेळी वर्षाचं काही बोलले नाहीत.

पुढचं बायकोने पाहिलं.

घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामं झालं. मुलगी दोन दिवस राहून गेली. शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, दादा मुलीच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि सहाव्या तुकड्याची डावी बाजू वाजवली, एका दमात. बदलाच्या जागी बोट घासलं. मग गिटार स्टँडला लावली, उजव्या पट्टीवरचं लाल टिंब दाबलं आणि उठला.

बायको दारातून पाहत होती. तिला वाटलं, माणूस दुःखात काहीही करतो.

तो मागच्या खोलीत जाऊन पलंगाजवळच्या खुर्चीवर बसला. पलंगावरची गादी उन्हात टाकली होती, नुसत्या फळ्या होत्या. तो फळ्यांकडे पाहत दहा मिनिटं बसला. घड्याळ चालू होतं.

परत आला तेव्हा ती त्याच्या मागे उभी होती. पडद्यावर दोन्ही पट्ट्या भरलेल्या होत्या.

त्याने ऐकलं आणि उजवं बोंड तिच्याकडे दिलं. तिने ते कानाशी धरलं. तिला त्या वाजवण्यातलं काही कळत नसे. पण शेवटाला नवरा नेहमी घाई करायचा, जेवायला हाक मारलेली असायची म्हणून, आणि तारा हाताने गप्प करताना हातातलं घड्याळ लाकडावर आपटायचं. शेवटाला घाई झाली. घड्याळ आपटलं.

"भाऊजी, हे कधीचं?" तिने विचारलं.

दादाने पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. चौदा ऑक्टोबर, दुपारचे तीन.

संध्याकाळी तिने चहा दिला. दादाने उजव्या हाताने कप उचलला, आणि त्याची करंगळी कपावरून सुटून वेगळी लोंबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, कप सावकाश खाली ठेवला आणि मागच्या खोलीच्या दाराकडे कान देऊन बसला. बराच वेळ बसला. तिकडे उठून बसायला कुणी नव्हतं.

धाकटा तीन दिवसांपूर्वी, अकरा ऑक्टोबरला, मंगळवारी दुपारी वारला होता.